सहा ठोक्यांचा शब्द

त्या सकाळी मी बायकोकडे चहाऐवजी चप्पल मागितली.

"वैशाली, चप्पल दे गं. आलं जरा जास्त घाल," असं स्पष्ट, खणखणीत म्हणालो. ओट्यापाशी उभी असलेली वैशाली वळली, क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग मोठ्यानं हसली. "कुठली देऊ? घरातली की बाहेरची?" मीही हसलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाची जीभ सकाळी सकाळी घसरली तर त्यात काय एवढं, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवून टाकलं. एवढंच नाही, तर रविवारी धाकट्या भावाकडे जेवायला गेल्यावर ही गोष्ट कशी रंगवायची याची जुळवाजुळव मी तो चहा पिता पिताच सुरू केली. आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बहुतेक गोष्टींत फजिती माझीच असते, म्हणून लोक ऐकून घेतात.

आता माझं काम सांगतो, म्हणजे त्या हसण्याचा अर्थ कळेल. मी वाचा-उपचार करतो. कागदोपत्री स्पीच थेरपिस्ट. भिंगारमध्ये, जिथं मी राहतो तिथं, 'बोलायचे डॉक्टर'. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून दमलो आणि मग सांगायचं सोडून दिलं. दवाखाना नगरला, सावेडीत. अर्धांगवायूनं एक पाय ओढत चालणाऱ्या माणसांसाठी लिफ्ट नसलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर जागा घेणारा जिल्ह्यातला एकमेव शहाणा मीच असेन. एकवीस पायऱ्या आहेत. पेशंट वर येईपर्यंत त्याला इतका दम लागलेला असतो की पहिली दहा मिनिटं कोणीच काही बोलू शकत नाही.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की कोणाचा हात जातो, कोणाचा पाय, कोणाची भाषा. भाषा जाते म्हणजे जीभ जात नाही आणि अक्कल तर मुळीच जात नाही. सगळं कळत असतं. डोक्याच्या कोठारात शब्दही असतात. कोठारापासून तोंडापर्यंतची वाट तेवढी बुजलेली असते. माणूस पाणी मागायला जातो आणि तोंडातून 'खिडकी' निघते. किंवा नुसताच एक शब्द उरतो. शनिशिंगणापूरच्या रस्त्यावरचे एक दुकानदार माझ्याकडे यायचे. त्यांच्याजवळ 'तेल' एवढाच शब्द उरला होता. आनंद झाला तरी तेल, राग आला तरी तेल. पण दुकान तेलाचं आणि रुईच्या माळांचं, त्यामुळं गिऱ्हाइकांना महिनाभर काही कळलंच नाही. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा सगळे खूप हसले होते.

दुसरी एक गोष्टही मी बऱ्याचदा सांगायचो. ती हसायची नव्हती, शहाणं करायची होती. संगमनेरकडचे एक गृहस्थ, दूध संकलन केंद्रावर कामाला. फार थट्टेखोर माणूस. एका सकाळी ते वेडंवाकडं बोलायला लागले आणि सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखी गंमत चाललीय. दुपार उलटल्यावर हात लुळा पडला तेव्हा धावपळ झाली. या आजारावर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच द्यावं लागतं. यांची वेळ निघून गेली होती. दोन महिन्यांनी ते माझ्याकडे आले तेव्हा 'अं' सोडून काही उरलं नव्हतं आणि पुढंही फारसं आलं नाही. त्यांच्या बायकोला मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बाई, चार तास तुम्ही काय करत होता?" ती फरशीकडे बघत पदराचं टोक पिळत राहिली. ही गोष्ट मी जेवताना, लग्नकार्यात, कुठंही सांगायचो आणि शेवटी बोट वर करून म्हणायचो, "बोलण्यात गडबड झाली की पहिल्यांदा घड्याळ बघा." त्या गोष्टीत शहाणा मी होतो आणि मूर्ख ती बाई.

आणि तोच मी, चहाऐवजी चप्पल मागून, आल्याचा चहा पिऊन, स्कूटरला किक मारून कामावर निघालो.

शंका आली नव्हती असं म्हणणार नाही. भिंगारचा बाजार ओलांडला आणि सकाळची ती चप्पल पुन्हा आठवली. मग मी माझ्या धंद्यातला माणूसच करू शकेल अशी चूक केली. माझी परीक्षा मीच घेतली.

माझं मुख्य हत्यार म्हणजे शब्दांची शिडी. होप म्हणा. होपफुल म्हणा. आता होपफुली. शब्द एकेक पायरी लांबत जातो आणि ज्या पायरीवर जीभ कोलमडते तिथं दुखणं असतं. मराठीत हीच शिडी अशी चढवतो: घर, घरात, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. आपण हे सहज बोलून जातो; त्या एका शब्दात जीभ, ओठ आणि श्वास किती वळणं घेतात ते ज्याची वाट बुजली त्यालाच कळतं.

तर स्कूटरवर हेल्मेटच्या आत मी म्हणालो, "घर." आलं. "घरात." आलं. दुकानांच्या पाट्या वाचल्या. चष्मे, टायर, मिसळ. सगळं आलं. आता 'घरातल्यांनासुद्धा' म्हणायचं, तेवढ्यात सिग्नल सुटला. सिग्नल सुटला म्हणून राहिलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढच्या सिग्नलला पुन्हा 'घर'पासून सुरुवात केली आणि पुन्हा 'घरात'वर थांबलो. पेपर मीच काढला, सोपा काढला आणि मलाच पास केलं. दवाखान्याची किल्ली कुलपात जाईना, दोनदा हातातून पडली, तेव्हा मी कुलपाला नावं ठेवली. उजव्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

दहा वाजता साळवे मॅडम आणि साळवे दादा आले.

मॅडमनी भिंगारच्या एका शाळेत तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, वडिलांनी छावणीत मजुरी करून लेकीला शिकवलं आणि ती लेक इंग्रजीची मास्तरीण झाली. दादा लष्कराच्या एका कचेरीत ड्रायव्हर होते. बायकोला तेही 'मॅडम'च म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी मॅडमना झटका आला. उजवी बाजू अशक्त झाली आणि भाषा गेली. बुद्धवंदना मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत शाबूत होती, कारण पाठ केलेलं दुसऱ्या वाटेनं येतं. शिवाय एक गोष्ट उरली होती: 'सिट डाउन'. चहा दिला की सिट डाउन, नातू आला की सिट डाउन, मी 'कशा आहात' विचारलं की सिट डाउन. हे एकच वाक्य त्यांच्या तोंडातून काढून टाकायचा मी आठ महिने प्रयत्न करत होतो.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारतो, कुठला शब्द परत हवाय? लोक नातवाचं नाव सांगतात, पाणी म्हणतात. मॅडमनी एक जुनी वही पुढं केली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. अनहेझिटेटिंगली.

मी दादांकडे बघितलं. ते म्हणाले, "वर्गात पोराला हुभं करायची आन म्हनायची, सांग, अनहेझिटेटिंगली! म्हंजी न कचरता सांग. पोरं तिला मागनं त्याच नावानं वळखायची, सर. मला बी चौकात कुनी कुनी 'अनहेझिटेटिंगली मॅडमचे मिस्टर' म्हनतंय."

"मॅडम, आधी 'पाणी' करू," मी म्हणालो.

"सिट डाउन," मॅडम म्हणाल्या. म्हणजे नाही.

त्या शब्दाची गंमत सांगतो. अर्थानं तोडला तर त्याचे चार तुकडे पडतात: अन, हेझिटेट, इंग, ली. मधला 'हेझिटेट' म्हणजे कचरणं; बाकीचे त्याला पुढून-मागून जोडलेले. पण जिभेनं तोडला तर सहा पडतात: अन, हे, झि, टे, टिंग, ली. हेझिटेटमधला शेवटचा ट जीभ बिनदिक्कत उचलते आणि पुढच्या इंगला नेऊन चिकटवते. ऊस आठवा. उसाचा सांधा म्हणजे पेर, पण खायला बसल्यावर आपण पेरावर दात मारत नाही. दोन पेरांच्या मधे, जिथं मऊ असतं तिथं तोडतो. व्याकरण शब्दाला पेरावर कापतं आणि जीभ कांड्यावर. मला जिभेच्या बाजूनं राहावं लागतं. म्हणून अशा शब्दाच्या एकेका तुकड्याला मी पेशंटच्या डाव्या तळहातावर एकेक ठोका देतो. हाताला ताल लागला की कधी कधी जीभ त्याच्या मागोमाग येते. मॅडम आठ महिन्यांत तीन ठोक्यांपर्यंत आल्या होत्या.

नातेवाइकांसाठी माझे दोन नियम आहेत. पेशंट अडला तर त्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही. मनात दहापर्यंत मोजायचं आणि थांबायचं. दुसरा, हातवारे चालवून घ्यायचे नाहीत. बोट दाखवून पाणी मिळायला लागलं की माणूस 'पाणी' म्हणायचं कशाला? दादांसारखे हे नियम पाळणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. पाठीमागं हात बांधून ते अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायचे आणि तोंडावर असं हसू ठेवायचे की बघणाऱ्याला वाटावं, सरकारी ध्वजवंदन चाललंय.

"या, बसा," मी म्हणालो. ते नीट आलं. ठरलेली वाक्यं नीटच येतात, हे मी वीस-पंचवीस वर्षं लोकांना सांगतोय. दादा बाहेरच्या बाकावर पेपर घेऊन बसले आणि मॅडम आत आल्या.

पद्धत अशी की आधी मी म्हणायचं, मग पेशंटनं. मी मॅडमचा डावा हात हातात घेतला. पहिला ठोका: अन. दुसरा: हे. तिसऱ्या ठोक्याला माझ्या तोंडातून 'टे' निघालं. मग पुन्हा 'टे'. मग 'टेली'सारखं काहीतरी.

मॅडमनी मान वर केली.

त्यांना तो शब्द म्हणता येत नव्हता, पण कोणी चुकीचा म्हटला तर कळत नव्हतं असं नाही. फळ्याकडे पाठ असतानाही मागच्या बाकावर कोण काय करतंय हे ज्या नजरेला कळतं, त्या नजरेनं त्या माझ्याकडे बघत होत्या. बोटानं खूण केली: पुन्हा. मी हसलो. मला वाटलं मी हसलो. पुन्हा सुरू केलं. अन. अन. टे. त्यानंतर पुढचं काय होतं तेच सापडेना. शब्द समोर होता, सहाही तुकडे मला दिसत होते, आणि एकही उचलता येत नव्हता. आयुष्यभर मी लोकांना ज्या खोलीचं वर्णन करून सांगत आलो त्या खोलीत मी उभा होतो आणि दार बाहेरून लागलं होतं.

मॅडमनी माझ्या हातातून आपला हात सोडवला, माझा उजवा हात उलटा करून टेबलावर ठेवला आणि तळव्यावर ठोका दिला. एक. ओठांनी नुसतं दाखवलं: अन. दोन. तीन. सहा ठोके पूर्ण दिले. तळव्यावर कोणीतरी लांबून, गोधडीच्या वरून बोट टेकवतंय असं मला वाटत होतं. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. याआधीची होती ती शंका. ही भीती होती आणि ती तोंडात होती. जिभेच्या जागी कोणीतरी ओलं फडकं ठेवावं तशी.

एक उघड सांगतो. त्या घडीला माझ्या मनात पहिला विचार आला तो हॉस्पिटल गाठायचा नव्हता. तोंड धुऊन येतो, पाणी पितो, कोणाला कळायच्या आत ठीक होईल, असा होता. मी उठायला लागलो.

"सिट डाउन!" मॅडम म्हणाल्या.

मी बसलो. मुकाट्यानं बसलो.

खुर्चीचा आधार घेत त्या दारापर्यंत गेल्या. डावा हात चौकटीवर टेकवला. बाहेर दादांनी पेपर बाजूला ठेवला, उठून उभे राहिले आणि हात पाठीमागं नेले. दार उघडं होतं. मला सगळं दिसत होतं.

"स... स..." मॅडम म्हणाल्या.

"बोल मॅडम, बोल. घाई न्हाई." दादांचा अंगठा पेरांवर सरकू लागला. एक, दोन, तीन.

मॅडमनी हात उचलून माझ्याकडे दाखवायला सुरुवात केली.

"आं हां! हात न्हाई," दादा प्रेमानं म्हणाले. "सरांनी काय सांगितलंय? तोंडानं. लई भारी येतंय, बोल."

माझे दोन्ही नियम माझ्या डोळ्यांसमोर अगदी मन लावून पाळले जात होते. चार, पाच, सहा. एकेका मिनिटाला मेंदूचा किती भाग मरतो हे मी व्याख्यानांत तक्ता लावून सांगायचो. आता मी त्या तक्त्यावर बसलो होतो. ओरडून सांगावं म्हणून मी सगळा जीव एकवटला.

"दादा, चप्पल!"

"चप्पल?" दादांनी आत डोकावून बघितलं. "काढली की सर, बाहीर. कवाच."

मॅडमनी डोळे मिटले. तोंड जरासं वर केलं. मग चौकटीवर डाव्या तळव्यानं ठोका मारला. लाकूड वाजलं.

"द."

दुसरा ठोका. "वा."

"खा."

"ना."

"शाब्बास!" दादांनी टाळी वाजवली. "सर, ऐकलं का? चार ठोकं, एकबी चुकला न्हाई! पर मॅडम, आपन दवाखान्यातच तर हाय..." असं म्हणत ते आनंदानं माझ्याकडे वळले.

हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्याच्या खालचा चेहरा बदलत गेला. माझा उजवा गाल उतरला होता, हे मला नंतर कळलं. दादांनी असा गाल आठ महिन्यांपूर्वी स्वतःच्या स्वयंपाकघरात बघितला होता.

"आयो," ते हळूच म्हणाले. मग पुढं एक शब्द न बोलता त्यांनी मला काखेत हात घालून उचललं.

त्या एकवीस पायऱ्या मी माझ्या पेशंटांसारखा उतरलो, एक पाय ओढत. दादांचे दोन्ही हात माझ्यात गुंतलेले, त्यामुळं मॅडमना कोणी धरायला नव्हतं. आठ महिन्यांत त्या एकट्या एकही पायरी उतरल्या नव्हत्या. मागून मला त्यांचा आवाज येत होता. कठडा धरून, दर पायरीला थांबून त्या 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत उतरत होत्या. एकही शब्द अडत नव्हता.

दादांची जुनी व्हॅन होती. मागच्या सीटवर मॅडम माझा हात धरून बसल्या. दादांना वैशालीला फोन करायचा होता. माझा मोबाईल अंगठ्यानं उघडतो आणि अंगठा उजवा. त्यांनी माझा तो मढ्यासारखा अंगठा उचलून पडद्यावर टेकवला आणि नंबर शोधू लागले. "वहिनींचं नाव काय लावलंय, सर?"

आणि मला तिचं नाव सापडेना.

चेहरा दिसत होता. सकाळची ओट्यापाशी वळलेली ती, हातात गाळणी, सगळं दिसत होतं. नावाची जागा पुसलेल्या पाटीसारखी कोरी होती. याआधी मला मरणाची भीती वाटायची असं मी समजत होतो. त्या व्हॅनमध्ये कळलं की मरणाची भीती त्यामानानं सोपी आहे. मी जगेन, घरी जाईन, ती रोज समोर येईल आणि मी तिला 'अं' म्हणेन. संगमनेरच्या त्या गृहस्थांसारखा. मग भावाकडे रविवारी गोष्ट कोण सांगेल? माझी गोष्ट दुसरंच कोणीतरी सांगेल, आणि तीही चुकीची.

"'घर' म्हनून एक नंबर हाय," दादा म्हणाले. "तोच लावतो."

घर. शिडीची पहिली पायरी. तेही मी मोबाईलमध्ये लिहिलं होतं म्हणून.

हॉस्पिटलमध्ये सगळं भराभर झालं. डोक्याचा फोटो निघाला. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे नक्की कधी सुरू झालं? शेवटचे नीट कधी बोलले?"

या एका प्रश्नावर सगळं असतं. वेळ नक्की माहीत नसेल तर ते इंजेक्शन देत नाहीत. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. 'बहुतेक' आणि 'साधारण' तिथं चालत नाही.

"दहाला नीट हुते," दादा म्हणाले. "मला या, बसा म्हनले की."

नाही! सकाळी, चहाच्या वेळी! मला सांगायचं होतं. मी डाव्या हाताची बोटं वर केली. सात दाखवायला दोन हात लागतात हे लक्षात आलं. मग मी पाच दाखवली. मग तीन. आकडेही आपली जागा सोडून गेले होते. डॉक्टरीणबाई माझ्या बोटांकडे बघून कागदाकडे वळल्या.

तेवढ्यात वैशाली आली. पायात घरातलीच चप्पल होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला तोच प्रश्न विचारला. मी तिच्याकडे बघत राहिलो. सकाळी आम्ही हसलो होतो. हसलेल्या गोष्टीची वेळ कोण लक्षात ठेवतं? ती म्हणेल, सकाळी ठीक होते. किंवा म्हणेल, काय माहीत, रात्री तरी नीट होते. सकाळ म्हणजे नक्की किती वाजता ते कळलं नसतं आणि रात्र धरली तर वेळ संपलेली; दोन्हीत मी बुडालो असतो.

"सात एकोणचाळीसला नीट होते," वैशाली म्हणाली. "नळाला पाणी आलं का विचारलं. सात चाळीसला चहाऐवजी चप्पल मागितली."

"नक्की सात चाळीस?"

"नक्की."

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजत आले होते. "अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या आणि नर्सला हाक मारली.

पुढचा दीड दिवस मी गप्प होतो. इंजेक्शन दिलं म्हणजे वाट उघडेलच असं नसतं. हेही मी लोकांना सांगत आलोय, तेव्हा मला कोणी फसवूही शकत नव्हतं. दर तासाला नर्स विचारायची, नाव काय? मी तोंड उघडायचो आणि आत नुसता वारा. वैशाली खुर्चीत बसून असायची. माझ्या तोंडात शब्द घालत नव्हती. तिचे ओठ किंचित हलताना मला दिसायचे. ती दहापर्यंत मोजत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ती पाण्याचा ग्लास भरत असताना मी म्हणालो, "वै." मग बऱ्याच वेळानं, "शा." ग्लास ओसंडून गेला तरी ती ओततच राहिली.

तिसऱ्या दिवशी साळवे दादा आणि मॅडम भेटायला आले. मॅडमनी काही न विचारता माझा हात उलटा केला. सहा ठोके. मी सहाही म्हणालो, वाकडेतिकडे, मधे दोनदा अडून, पण म्हणालो. मग मी त्यांचा डावा हात घेतला. अन. हे. झि. टे. तिथं त्या थांबल्या. पुढचे दोन आले नाहीत. अजूनही आलेले नाहीत. आम्ही दोघं आता आलटून पालटून एकमेकांचे हात ठोकतो आणि दादा बाहेर पेपर वाचतात. फरक एवढाच की नियम मी बदलले आहेत. हातवारे चालतात. आणि दादांना सांगून ठेवलंय, मॅडमचा चेहरा बघून मोजायचं, पेरं बघून नाही.

"चार आले," त्या दिवशी खाटेवरून मी म्हणालो. "चार... पुष्कळ."

"सिट डाउन," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या.

ते गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच उरलो. वैशाली मोसंबं सोलत होती. माझ्या मनात तीन दिवस एक प्रश्न होता; तो जुळवायला मला वेळ लागला आणि तिनं तो लागू दिला.

"सात चाळीस... कसं... लक्षात? नळामुळं?"

"नळ कसला," ती म्हणाली. "तुम्ही चप्पल म्हणालात आणि मी घड्याळ बघितलं. इतकी वर्षं जेवताना तुमची तीच गोष्ट ऐकतेय."

"मग... हसलीस?"

 एका फोडीची शीर न् शीर काढून झाली.

"हसले. कपडे वाळत घातले. कणीक भिजवली. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. लावला असता आणि तुम्ही पुन्हा चप्पलच म्हणाला असता तर?" फोड माझ्या डाव्या हातात ठेवत ती म्हणाली, "संगमनेरच्या त्या बाईंचा नंबर असेल ना दवाखान्यातल्या वहीत? घरी गेल्यावर लावून द्या. तुम्ही काही बोलू नका. मी बोलते."